बांधावरची शिट्टी

चिंधी निरगुडाच्या गळ्यात दोन गोष्टी असतात. एक काळ्या मण्यांची पोत, ती नवऱ्याने, धाऊने, लग्नात घातलेली. दुसरी लाल प्लास्टिकची शिट्टी, ती तिने स्वतः हिसकावून घेतलेली. पोत अधूनमधून तुटते आणि मणी ओवून होईपर्यंत चार दिवस कोनाड्यात पडून राहते. शिट्टी मात्र तिने करगोट्याच्या जाड काळ्या दोऱ्यात ओवली आहे. दोरा झिजला की ती आधी नवा ओवते, मग जुना तोडते.

श्रावणात ती रानातली करटुली घेऊन कर्जतला स्टेशनाबाहेर बसते, तेव्हा नवी गिऱ्हाइकं हमखास विचारतात.

"मावशी, ही शिट्टी कशाला? शाळेत कवायत घेता का?"

"पंच हाय मी," चिंधी म्हणते. "गडबड केलीत तर भाईर काढीन."

गिऱ्हाईक हसतं आणि करटुली घेऊन जातं. जुनी गिऱ्हाइकं विचारत नाहीत. ती शिट्टी कुठून आली आणि एके काळी तिच्यावरून याच बाजारात काय काय बोललं गेलं, हे त्यांना ठाऊक आहे.

चिंधी आता साठीच्या आसपास असेल. बुटकी, काटक, गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं आणि चालणं असं, की बरोबरच्या माणसाला पळावं लागतं. तिच्या आधीच्या दोन बहिणी तान्ह्या असतानाच गेल्या. म्हणून तिसरीचं नाव आईबापांनी मुद्दाम टाकाऊ ठेवलं, मरणाची नजर तिच्यावर पडू नये म्हणून. शाळेच्या पटावर नाव घालताना एका मास्तरांनी 'चंद्रकला' असं चांगलं नाव सुचवलं होतं. आठ वर्षांच्या चिंधीने साफ नकार दिला. "चांगल्या नावाच्या दोगी मेल्या," ती म्हणाली. "मी हाय तीच बरी." शाळा तिने दोन वर्षांत सोडली. नाव सोडलं नाही.

तिची सावरमाळ वाडी कर्जतहून खालापूरकडे येताना डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. ठाकरांची बत्तीस घरं. खाली वरंडोली गाव आहे, तिथे ग्रामपंचायत, शाळा, रेशनचं दुकान. वाडी आणि गाव यांच्यामध्ये भातखाचरं, आणि खाचरांच्या कडेने मोठा बांध. बांधावरून जाणारी पायवाट रुंद होत होत गाडी जाण्याइतकी झाली. वाडीतले आणि वरच्या फार्महाऊसांवरचे लोक त्याच वाटेने ये-जा करतात. बांधाच्या डोंगराकडच्या अंगाला करवंदीच्या दाट जाळ्या आहेत. वाडीतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पहाटे त्या जाळ्यांआड जात आल्या.

सात-आठ वर्षांपूर्वी वाडीला बत्तीस संडास आले. निळे दरवाजे, वर पत्रा, आणि प्रत्येक भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. सगळं आलं, पाणी तेवढं यायचं राहिलं. विहीर खाली ओढ्याला. एका हंड्याला जाऊन-येऊन अर्धा तास, आणि होळीनंतर तळाचं पाणी वाटीने भरायचं. ग्रामसेवक प्रवीण भाऊसाहेब वापराबद्दल समजावून सांगायला आले, तेव्हा चिंधीने त्यांना शांतपणे विचारलं होतं, "भाऊसाहेब, प्यायचं पानी डोक्यावरनं आनायचं, आन् त्यात वतायचं? तुमी वताल?"

भाऊसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. वाडीने संडासांचं जमेल तसं सोनं केलं. कुणी गवऱ्या रचल्या, कुणी कोंबड्या कोंडल्या. धाऊने आपल्यात वालाचं बियाणं ठेवलं. उंदीर शिरणार नाही अशी दुसरी पक्की खोली वाडीत नव्हती.

त्याच वर्षी पौषात ती पहाट झाली. भात कापून झालेलं, खाचरांत गुडघाभर वालाला शेंगा लागलेल्या, आणि थंडी अशी की दात वाजावेत. चिंधी, तिची सून वनिता आणि शेजारच्या दोघी जाळ्यांआड बसल्या होत्या. वनिताचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. हातात अजून हिरवा चुडा होता. बांधावर एकाएकी जीपचे दिवे लागले आणि शिट्टी वाजली. एक नाही, सारखी वाजत राहिली.

बायका उठून उभ्या राहिल्या. पुरुष समोर आला की उभं राहायचं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की विचार करायलाही वेळ लागत नसे. शेजारणी जाळीतून पसार झाल्या, त्यांना तिथला दगडन्‌दगड माहीत होता. चिंधीही निसटली. वनिताला वाटा माहीत नव्हत्या. ती तिथेच उभी राहिली, एका हातात टमरेल आणि दुसऱ्या हाताने लुगडं धरून.

चिंधी परत आली तेव्हा सुनेच्या गळ्यात झेंडूचा हार पडला होता. तालुक्याहून आलेला एक जण मोबाइलवर फोटो काढत होता. भाऊसाहेब बाजूला उभे राहून जमिनीकडे बघत होते. आणि पंचायतीचा शिपाई पोपट, ज्याच्या लग्नात चिंधीने रात्रभर भाकऱ्या थापल्या होत्या, तो वनिताच्या कानाशी शिट्टी फुंकत होता. तसं सांगितलं होतं त्याला.

चिंधी सरळ पोपटपाशी गेली. शिट्टीची दोरी धरली आणि एका हिसक्यात तोडली.

"अगं ए! सरकारी हाय ती!" पोपट ओरडला.

"आन् माजी सून? ती कुनाची हाय?"

"मावशे, मला काय हौस हाय का? वरनं हुकूम हाय. उघड्यावर बसायचं नाय."

"तुजी आय कुठं जायाची रं, पोपट?"

"आय गेली की गं माजी, चार वर्सं झाली."

"गेली ती गेली. जायाची कुठं, ते इचारते."

पोपटने शिट्टीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. त्याची आई याच बांधाच्या पलीकडच्या अंगाला जायची. चिंधीने वनिताच्या गळ्यातला हार काढला. तो खाली टाकण्याआधीच मागून आलेल्या शेळीने तोंडात धरला. शेळी फुलं खाऊ लागली, तशी फोटो काढणाऱ्याला हसू आलं. चिंधीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मोबाइल खिशात घातला.

पण फोटो निघायचा तो निघाला होता. दुपारपर्यंत तो वरंडोलीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता, दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या फळ्यावर. त्या आठवड्यात चिंधी कर्जतला वालाच्या शेंगा विकायला गेली तेव्हा रिक्षाच्या रांगेतून कुणीतरी तोंडाने शिट्टी घातली. मग दुसऱ्याने. वाडीतली कुठलीही बाई दिसली की शिट्टी, असं महिनाभर चाललं. नाव घ्यायची गरजच उरली नाही.

वनिताने घराबाहेर पडणं सोडलं. दहावी झालेली मुलगी. वाडीत तेवढी शिकलेली तीच. माहेरी ती बोलकी म्हणून प्रसिद्ध होती. आता ती दिवसभर चुलीपाशी बसे आणि पाणी पीत नसे. पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून. अंधार पडला तरी ती निघेना. कुठूनतरी शिट्टी वाजेल असं तिला वाटे. पंधरा-वीस दिवसांत तिला ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. तिच्या नवऱ्याने, दशरथने, तिला मोटारसायकलवरून कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. मागे चिंधी बसली होती.

"पाणी भरपूर प्यायचं," डॉक्टर म्हणाले.

"पितीया," चिंधी म्हणाली. "उद्यापास्नं पितीया."

घरी आल्यावर तिने टोपलीतून शिट्टी काढली. राखेने तीनदा घासली, कारण ती पोपटची उष्टी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने वनिताला उठवलं.

"चल. तू जाळीत बस. मी बांधावर हुबी ऱ्हाते. कोन आला तर मी बगते."

वनिता घाबरत घाबरत गेली. चिंधी बांधाच्या वळणावर उभी राहिली. थोड्या वेळाने फार्महाऊसवरचा दूधवाला मोटारसायकलवरून येताना दिसला आणि चिंधीने जोरात शिट्टी फुंकली. दूधवाल्याने कचकन ब्रेक लावला. पण जाळीआड वनिताही दचकून उठून उभी राहिली.

"बस गं! मीच हाय!" चिंधी ओरडली. "तुला नाय, त्याला वाजिवली."

दूधवाला बिचारा भांबावला. "काय झालं, मावशी?"

"बाया बसल्यात. तोंड फिरव आन् थांब."

त्याने तोंड फिरवलं. थांबला. त्याच्याही घरी बायको होती.

आठ दिवसांत शेजारणी आल्या, महिन्याभरात अख्खी वाडी. आता पहाटे घाईघाईने एकेकटीने जायचं कारण उरलं नाही. साऱ्या मिळून जात, चिंधी वळणावर उभी राहत असे. एक लांब शिट्टी म्हणजे वाट बंद. दोन आखूड म्हणजे झालं, जा. सहाच्या पाळीला कारखान्यात जाणारे पुरुष आधी कुरकुरले. वरंडोलीचा अक्षय एकदा न थांबता गाडी पुढे घालू लागला, तर चिंधी वाटेच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"मावशी, बाजूला हो. पाळी चुकेल माझी."

"चुकू दे. मालकाला सांग, सावरमाळला शिट्टी झालती."

अक्षयची पाळी त्या दिवशी खरंच चुकली. त्याने घरी जाऊन आईकडे तक्रार केली, आणि आईने त्याला असं काही सुनावलं की दुसऱ्या दिवसापासून तो वळणावर सर्वांत आधी थांबू लागला. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. पुरुष गाड्या बंद करून, गावाकडे तोंड करून उभे राहत, तंबाखू मळत, पाणी-पिकाचं बोलत. फार्महाऊसवर आलेले मुंबईचे पाहुणे अर्ध्या चड्डीत फिरायला निघत, तेही शिट्टी ऐकून थबकत. दूधवाला त्यांना समजावून सांगे. पाहुणे मान डोलावत आणि तोंड फिरवत.

पोपट दोन-तीनदा शिट्टी मागायला आला.

"मावशे, दे गं ती. भाऊसाहेब मला इचारतात."

"त्यांना म्हनावं, ती कामावर हाय."

बाजारातल्या शिट्ट्या मात्र बंद झाल्या नव्हत्या. वनिता बरी झाल्यावर चिंधीने तिला मुद्दाम बरोबर नेलं. त्या येताच रिक्षाच्या रांगेतून शिट्टी आली. वनिताची पावलं अडखळली. चिंधीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, गळ्यातली शिट्टी ओठांत धरली आणि छातीत होती तेवढी हवा तिच्यात घातली. स्टेशनाबाहेरची सगळी गर्दी वळली. भजीवाल्याचा झारा हातात राहिला. चिंधीने हात लांब करून रिक्षातल्या त्या तरुणाकडे बोट दाखवलं.

"ह्याला काय पायजे ते इचारा रं कुनीतरी. मगापास्नं शिट्टी वाजिवतोय. बोलता येत नसंल बिचाऱ्याला."

लोक हसले. चिंधीला नाही, त्याला. त्याच्या बाजूच्या रिक्षावाल्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्यानंतर ती रांग गप्प झाली.

गोष्ट खालापूरपर्यंत पोचली. पलीकडच्या दोन वाड्यांतल्या बायकांनी जत्रेतून शिट्ट्या आणल्या. तालुक्याच्या कचेरीत पाण्याचा अर्ज द्यायला सावरमाळच्या बायका गेल्या, तेव्हा शिपायाने फाटकातच विचारलं, "शिट्टीवाल्या ना तुम्ही? या, बसा." ज्या शिट्टीच्या भीतीने वनिताने पाणी पिणं सोडलं होतं, तिच्याच नावाने आता मान मिळत होता. तरी वनिताचं त्या शिट्टीशी कधी जमलं नाही. ती बांधावर यायची, पण चिंधीला म्हणायची, "आत्या, तिकडं त्या टोकाला जाऊन वाजवा." तिने त्या शिट्टीला कधी हात लावला नाही. घरात खुंटीला अडकवलेली असली तरी ती वळसा घालून जाई.

अर्जावर अर्ज गेले. शेवटी गेल्या वर्षी वाडीत नळयोजना आली. टेकाडावर सिमेंटची टाकी झाली, तीन घरांत एक असे पितळी नळ लागले, ओढ्याच्या विहिरीवर पंप बसला. पंपाजवळ विजेचा खांबही उभा राहिला. खांबाला तार मात्र लागली नाही. आज लागेल, उद्या लागेल म्हणता म्हणता सहा महिने गेले. वाडीतल्या बायका डोक्यावर हंडा घेऊन त्या खांबाखालून जात आणि वर बघत.

मार्चात भाऊसाहेब चिंधीच्या ओट्यावर येऊन बसले. मध्ये त्यांची बदली झाली होती, दोन वर्षांनी ते परत वरंडोलीलाच आले होते. डोक्यावर केस कमी झाले होते.

"मावशी, परवा जिल्ह्याहून तपासणी आहे. योजना पूर्ण झाली, असा दाखला मिळायचा आहे."

"तार लागली?"

"लागेल हो. पण तपासणी आधी आली, त्याला मी काय करू? टाकी त्या दिवशी भरलेली असेल, नळाला पाणी येईल. तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं गप्प बसायचं."

"आन् बोलले तर?"

भाऊसाहेबांनी घराच्या आत नजर टाकली. वनिता तांदूळ निवडत होती, शेजारी पाच वर्षांची हर्षला खडे वेचत होती. ते आवाज उतरवून म्हणाले, "वनिताचा अर्ज आहे अंगणवाडीत मदतनीस म्हणून. त्याला संडास वापराचा दाखला लागतो. तो मीच देणार. परवा तपासणी झाली की लगेच देतो. मावशी, मी वाईट माणूस नाही. माझ्यावर वरून किती ताण आहे, तुम्हाला कल्पना नाही."

तो खोटं बोलत नव्हता, हे चिंधीला दिसत होतं. तिला माणसं वाचता येत. हा पोर त्या पहाटेही जमिनीकडेच बघत होता.

तो गेल्यावर ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. योजना पूर्ण झाल्याचा कागद एकदा झाला की त्या खांबाकडे कुणी फिरकणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बत्तीस घरांचं पाणी कागदावर येऊन तिथेच थांबणार होतं. आणि दुसरीकडे वनिता. अंगणवाडीचा अर्ज भरताना सुनेचा चेहरा कसा झाला होता, ते तिने पाहिलं होतं. लग्नाआधी असेल तसा. एवढ्या वर्षांत या वाडीने त्या मुलीला काय दिलं? एक हार दिला. चिंधीने गळ्यातून शिट्टी काढली आणि भाताच्या कणगीत खोल खुपसली. वनिताला तिने काही सांगितलं नाही.

पण कुडाच्या भिंतीला कान असतातच. वनिताने तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकलं होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी टँकर टेकाडावर चढला आणि टाकी भरून गेला. सकाळी दहाला जिल्ह्याहून मॅडम आल्या, बरोबर दोन साहेब. पोपटने नव्या गणवेशात खुर्च्या मांडल्या. नळाला फुलं बांधली होती. मॅडमनी तोटी फिरवली. पाणी धो-धो आलं. लहान पोरं ओरडली, टाळ्या झाल्या. वाडीतल्या बायका चिंधीच्या गळ्याकडे बघत होत्या. तिथे नुसती पोत होती.

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची सोडली आणि बायकांत येऊन उभ्या राहिल्या. "आजी," त्या चिंधीला म्हणाल्या, "रोज येतं ना पाणी?"

चिंधीने जमिनीकडे बघितलं. भाऊसाहेब दोन पावलं जवळ सरकले. सगळी वाडी तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला, आयुष्यात प्रथमच, कुणाकडे बघवत नव्हतं. 'हो' म्हणायचं नव्हतं. गप्पच राहायचं होतं. तेवढंही इतकं जड असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली.

एक लांब. वाट बंद.

सगळे वळले. वनिता दारात उभी होती. तोंडात शिट्टी, केसांत भाताचा कोंडा, हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले. कणगी तिने तळापर्यंत उकरली असावी. तिने शिट्टी तोंडातून काढली.

"मॅडम, पानी रोज येत नाय. कदीच येत नाय. काल टँकर आला. पंप कशावर चालतो ते ह्यांना इचारा. तो बगा खांब. त्याला तार दाखवा मला."

मॅडमनी वर बघितलं. मग साहेबांनी. मग सगळ्या वाडीने, जणू तो खांब पहिल्यांदाच दिसत होता. कोरा करकरीत खांब, डोक्यावर चिनी मातीच्या दोन वाट्या, आणि त्यांच्यावर एक कोतवाल पक्षी शेपटी हलवत बसलेला. पोपटने खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. हसू की काय, कळलं नाही.

"भाऊसाहेब?" मॅडम म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी रुमाल काढला.

मॅडमनी एका साहेबाला विहिरीवर पाठवलं, स्वतः एका निळ्या दरवाजापाशी गेल्या आणि तो उघडला. तो धाऊचा निघाला. आत वालाचं बियाणं होतं, माठांत भरून, राख घालून, नीट ओळीने लावलेलं. "किडत नाय हितं," धाऊ मागून म्हणाला. दिवसभरात तो एवढंच बोलला. मॅडमनी दरवाजा हळूच लावून घेतला. त्यांनी पानभर लिहिलं, खाली सही केली आणि चहा न घेता गेल्या. योजना अपूर्ण, असं त्यात होतं, हे पोपटने संध्याकाळी येऊन सांगितलं.

वनिताला दाखला मिळाला नाही. अर्जाची मुदत त्याच शुक्रवारी संपली.

"काय केलंस गं बाई हे," चिंधी त्या संध्याकाळी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला ते आवडत नसे. "मी एवढी गप बसले ती कुनासाठी?"

"म्हनूनच," वनिता म्हणाली. "तुमी गप बसलात ते मला नाय बगवलं, आत्या. त्या दिवशी मला हार घातला तवा तुमी आलात. आज तुमाला घातला हुता, दिसत नवता एवढंच. मी नको येऊ?"

"नोकरी गेली की तुजी."

"दुसरी निगंल. पुढच्या येळी खरा दाखला घेईन. नाय दिला तर त्यांच्या हपिसात जाऊन वाजवीन."

चिंधीने तिच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला, शिट्टी घ्यायला. वनिताने दिली नाही.

"पहाटंपुरती ऱ्हाऊ दे माज्याकडं, बाजाराला तुमी घाला. सकाळी मी हुबी ऱ्हाते. तुमी बसा निवांत."

"तुला जमंल?"

"एवढी वर्सं ऐकतेच हाय की."

त्याला तीन आठवडे झाले. वैशाख लागायच्या सुमाराची एक पहाट होती. करवंदं पिकायला लागली होती आणि जाळ्यांना गोड वास येत होता. वाडीतल्या पंधरा-सोळा बायका जाळ्यांआड होत्या, चिंधी त्यांच्यात. वळणावर वनिता उभी होती. एक लांब शिट्टी झाली आणि बांधावर कुठलीतरी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"कोन हाय गं?" चिंधीने बसल्या बसल्या विचारलं.

"भाऊसाहेब हायत, आत्या! संगती वायरमन हाय, तारेचं भेंडोळं घेऊन!"

जाळ्यांआड कुजबुज झाली. एक-दोघी उठू लागल्या. चिंधीने हाताने त्यांना खाली बसवलं.

बांधावरून भाऊसाहेबांचा आवाज आला. गावाकडे तोंड करून बोलत असल्यामुळे तो लांबून आल्यासारखा वाटत होता. "वनिताताई, आज तार ओढायचीच आहे! याला दहाला दुसरीकडे जायचंय. आम्ही विहिरीकडे जाऊ का?"

"वाट बंद हाय," वनिता म्हणाली.

"अहो, तुमचंच काम आहे!"

"हां. आमचंच हाय. तोंड तिकडंच ठेवा."

वायरमनने हळू आवाजात काहीतरी विचारलं आणि भाऊसाहेब त्याला म्हणताना ऐकू आले, "थांब रे बाबा. इथे असंच असतं."

गाडीचं इंजिन बंद झालं.

"आत्या, झालं का?" वनिताने हाक दिली.

चिंधीचं केव्हाच झालं होतं. हाताशी आलेलं एक करवंद तिने तोडलं, लुगड्याला पुसलं आणि तोंडात टाकलं. अजून जरा आंबट होतं.

"नाय अजून," ती म्हणाली. "थांबू दे त्यांना."